घाम, माठ आणि मोसमी पाऊस

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



संयोजकांनी मला ‘शालेय विज्ञान’ असा ऐसपैस विषय दिला आहे. सहावी ते आठवीच्या पुस्तकांत बल आहे, चुंबक आहे, पेशी आहे, पचन आहे, ज्वालामुखी आहे आणि वारेही आहेत. तासाभरात या सगळ्याला नुसता हात लावत गेलो, तर आपण दोघेही कंटाळू. म्हणून मी एकच संख्या घेऊन आलो आहे : ५८०.

आपल्या नेहमीच्या हवेत, म्हणजे तीस अंश सेल्सियसच्या आसपास, एक ग्रॅम पाणी वाळायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. उकळत्या पाण्याला थोडी कमी, ५४०. ही दुसरी संख्या बहुतेकांनी परीक्षेपुरती पाठ केलेली असते. पण ती किती मोठी आहे, ते शेजारी दुसरा आकडा ठेवल्याशिवाय कळत नाही. तेच एक ग्रॅम पाणी तीस अंशांपासून उकळीपर्यंत तापवायला फक्त ७० कॅलरी पुरतात. म्हणजे दोरीवरचा टॉवेल गुपचूप वाळतो तेव्हा त्यातल्या पाण्याने जी उष्णता घेतलेली असते, तिच्यात तेवढे पाणी उकळीला आठ वेळा आणता आले असते.

पुस्तकात ही संख्या उष्णतेच्या धड्यात येते. घाम येतो उत्सर्जनाच्या धड्यात, पानांची रंध्रे वनस्पतींच्या धड्यात, आणि मोसमी वारे तर भूगोलाच्या वेगळ्याच पुस्तकात, बऱ्याच शाळांत वेगळ्या बाईंच्या तासाला. माझे म्हणणे असे की हा एकच धडा आहे. तो चार ठिकाणी फाडल्यामुळे चौथ्या तुकड्याचे, म्हणजे पावसाचे, उत्तर आपण मुलांना अर्धेच देतो. ते कसे, याकडे मी शेवटी येणार आहे.

ही उष्णता शोधणारा माणूस म्हणजे जोसेफ ब्लॅक, ग्लासगो विद्यापीठातला वैद्यक आणि रसायनाचा प्राध्यापक. १७६०च्या सुमाराची गोष्ट. तोवर समज असा की बर्फ शून्य अंशाला पोचला की आणखी जराशी उष्णता मिळताच त्याचे पाणी व्हावे. ब्लॅक म्हणाला, तसे असते तर वसंत ऋतूत डोंगरावरचे सगळे बर्फ एका दिवसात वितळून खालची गावे वाहून गेली असती. मग त्याने सारख्याच दोन काचेच्या चंबूंत समान वजनाचे बर्फ आणि बर्फाइतकेच गार पाणी घेतले आणि दोन्ही एकाच खोलीत टांगून ठेवले. पाण्याचे तापमान अर्ध्या तासात सात फॅरनहाइट अंशांनी वाढले. बर्फ वितळून त्याच तापमानाला यायला साडेदहा तास लागले. खोली तीच, उष्णता येण्याचा वेग तोच. मग मधले दहा तास येणारी उष्णता गेली कुठे? तापमापीवर ती दिसत नव्हती, पण ती पाण्यात होती. एवढ्या साध्या सामानावर त्याने काढलेला आकडा आजच्या मापाप्रमाणे ७८ कॅलरीच्या आसपास भरतो. आपण आज ८० शिकवतो. विज्ञानाच्या इतिहासात इतका स्वस्त आणि इतका अचूक प्रयोग मला दुसरा चटकन आठवत नाही.

वाफेच्या बाबतीत त्याने तापलेल्या लोखंडी पत्र्यावर पाण्याचे भांडे ठेवले. उकळी चार मिनिटांत आली, सगळे पाणी उडून जायला वीस मिनिटे लागली. हा आकडा त्याला जरा कमी मिळाला, पण मुद्दा पक्का झाला. त्याच विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणारा एक तरुण होता, जेम्स वॅट. पुढची कथा तुम्हाला ठाऊक आहे, मी ती सांगत बसत नाही.

आता घामाकडे येऊ. घाम ‘येतो’ म्हणून शरीर गार होते, असे मुले लिहितात आणि गुणही मिळवतात. घाम येऊन काहीच होत नाही. तो वाळला पाहिजे. हातावर स्पिरिटचा बोळा फिरवला की गारवा लागतो, तो स्पिरिट मुळात गार असते म्हणून नाही. द्रवातले सगळ्यांत वेगवान रेणू आधी सुटून जातात आणि मंद रेणू मागे राहतात, म्हणून ते गार होते. स्पिरिटला वाळायला दर ग्रॅमला पाण्याच्या निम्मीही उष्णता लागत नाही. तरी ते जास्त गार वाटते, कारण ते फार भराभर वाळते. बेंजामिन फ्रँकलिनने १७५८ मध्ये केंब्रिजला एका मित्राबरोबर तापमापीच्या फुग्यावर ईथर लावून भात्याने वारा घातला होता. उन्हाळ्याच्या दिवसांत, अठरा अंशांच्या खोलीत, पारा उणे चौदापर्यंत उतरला आणि फुग्यावर बर्फ धरला. शेतात कापणी करणारे मजूर भर उन्हात का टिकतात, याचे उत्तर त्याने तिथेच जोडले : ते घाम गाळतात आणि तो वाळतो.

त्याहून नाट्यमय प्रयोग १७७४ मध्ये लंडनला झाला. चार्ल्स ब्लॅग्डेन आणि त्याचे सहकारी १२० अंश सेल्सियसहून तप्त खोलीत काही मिनिटे जाऊन उभे राहिले. बरोबर अंडी होती, मांसाचा तुकडाही होता. अंडी वीस मिनिटांत कडक उकडल्यासारखी झाली, मांस तासाभराच्या आत शिजले आणि माणसे मात्र जवळजवळ आपल्या नेहमीच्या तापमानाची बाहेर आली. त्यातला सगळ्यांत शहाणा भाग लोक विसरतात. त्यांनी तिथे पाण्याची दोन भांडीही ठेवली होती. उघडे पाणी उकळेना. त्यावर तेलाचा थर दिला, तेव्हा उकळले. वाळण्याची वाट बंद केली की पाणीही तापते. माणसाचेही तेच होते.

मुलांनो, इथे एक हिशेब करून पाहा. आपण दिवसाला साधारण २००० किलोकॅलरीचे अन्न खातो. बिस्किटाच्या पुड्यावर जी कॅलरी लिहिलेली असते ती किलोकॅलरीच असते. यातले बहुतेक सगळे शेवटी उष्णता होऊन बाहेर पडावे लागते. बाहेरची हवाच अंगापेक्षा गरम असेल, तर बाहेर पडायची एकच वाट उरते. २००० भागिले ५८० : साडेतीन लिटरच्या आसपास घाम, तोही पूर्ण वाळला पाहिजे. नुसते बसून राहणाऱ्या माणसाचा हा हिशेब झाला. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर उभ्या असलेल्या माणसाचा तुम्हीच करा.

आणि वाळणे हे हवेच्या हातात असते. नागपूरकरांना हे कुणी शिकवावे लागत नाही. मे महिन्यात तिथे घरोघरी कूलर घरघरत असतो. पूर्वी वाळ्याचे पडदे भिजवून दारांना लावत. तोच कूलर मुंबईत आणून लावा, खोली फक्त दमट होईल. कारण साध्या उपकरणाने दिसते. दोन तापमापी घ्या, एकीच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळा. नागपूरला ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओली तापमापी २३च्या जवळपास थांबते. मुंबईत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर ती २९च्या खाली जात नाही. म्हणजे घामाच्या दृष्टीने दहा अंश ‘थंड’ असलेली मुंबई नागपूरपेक्षा वाईट. माठाचेही असेच. विदर्भातल्या मेमध्ये माठातले पाणी दात शिवशिवतील असे गार लागते आणि कोकणातल्या जुलैत त्याच माठाचे नुसते मडके होते.

ओल्या तापमापीने ३५ अंश दाखवले की सावलीत, पंख्याखाली, हवे तितके पाणी पीत बसलेल्या निरोगी माणसालाही फार तास टिकता येणार नाही, असे शेरवूड आणि ह्यूबर या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडले. कातडीच त्या तापमानाला असते, मग घामाने जायचे कुठे? नंतरच्या प्रत्यक्ष चाचण्यांत तरुण, धडधाकट माणसांची मर्यादाही याहून बरीच खाली निघाली. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या उघड्या मैदानावर दुपारच्या सोहळ्यात माणसे उष्माघाताने दगावली, त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. आपल्या बातम्या अजूनही फक्त कोरड्या तापमापीचा आकडा देतात. ‘चंद्रपूर ४६’ हे ठळक छापले जाते आणि किनाऱ्यावरचा ३६ कुठेतरी कोपऱ्यात. मला हे धोक्याचे वाटते, आणि त्याला शाळेतला तुटलेला धडाही थोडा जबाबदार आहे.

झाडांबद्दल मात्र जरा सावध बोलले पाहिजे. ‘झाडेही घाम गाळतात’ असे आपण मुलांना सांगतो. इंग्लंडमधल्या टेडिंग्टनचे धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी सूर्यफुलाची कुंडी शिशाच्या पत्र्याने झाकली, म्हणजे मातीतून पाणी उडू नये, आणि तिचे रोज सकाळ-संध्याकाळ वजन केले. त्यांचे पुस्तक १७२७ मध्ये आले. साडेतीन फुटांचे ते रोप दिवसाच्या बारा तासांत सरासरी अर्ध्या लिटरहून जास्त पाणी सोडत होते. आकारमानाच्या हिशेबाने माणसाच्या सतरा पट, असे त्यांनी काढले. मुळांनी ओढलेल्या पाण्यातला फार थोडा भाग झाडाच्या अंगी लागतो. बाकीचे सगळे पानांवाटे हवेत.

पण झाड हे पाणी गार होण्यासाठी सोडत नाही. त्याला कार्बन डायऑक्साइड हवा असतो आणि त्यासाठी पर्णरंध्रे उघडावी लागतात. रंध्र उघडले की आत येणाऱ्या वायूच्या एकेका रेणूमागे पाण्याचे काही शे रेणू निसटतात. तो झाडाचा खर्च आहे, सोय नव्हे. म्हणूनच पाण्याची ओढ लागली की झाड रंध्रे मिटते. साग तर त्याही पुढे जातो, ऐन उन्हाळ्यात पाने झाडून उभा राहतो. मेळघाटात मे महिन्यात फिरलेल्या माणसाला सागाची सावली किती मिळते ते माहीत आहे. एक झाड म्हणजे अमुक इतके एसी, अशा पाट्या आजकाल रस्त्याकडेला दिसतात. शंभर लिटर पाणी सोडणारे मोठे झाड दिवसाला ६७ युनिट विजेइतकी उष्णता खरोखर उचलते, गणित चुकीचे नाही. पण ते त्याला पाणी मिळाले तर, आणि हवा कोरडी असली तर. दमट मुंबईत झाडाची खरी मदत सावलीची आहे. झाडे लावा, जरूर लावा, पण हिशेब खरा सांगा.

शिवाय उचललेली उष्णता नाहीशी झालेली नसते. वाफ ही उचल आहे. ऊसतोड कामगार गावी मुकादमाकडून उचल घेतो आणि ती फेडतो कारखान्यावर, शेकडो किलोमीटर दूर. तसेच पाणी एका ठिकाणी ५८० कॅलरी घेते आणि जिथे त्याचा पुन्हा थेंब होतो तिथे पै न् पै परत करते. आता पावसाकडे वळायला हरकत नाही.

एका जिल्हा परिषद शाळेत सातवीतल्या मुलीने मला विचारले होते, “सर, जमीन तापते म्हणून समुद्रावरून वारे येतात ना? मग जमीन सगळ्यात जास्त मे महिन्यात तापते. जूनमध्ये पाऊस पडला की ती गार होते. मग पाऊस थांबायला पाहिजे. जुलैत आणखी जास्त का पडतो?” वर्गशिक्षकांनी तिला “नंतर सांगतो” म्हणून बसवले. प्रश्न इतका बरोबर आहे की त्यावर हवामानशास्त्रज्ञांनी आयुष्ये घालवली आहेत.

पुस्तकातले उत्तर एडमंड हॅलेचे आहे, धूमकेतूवाल्या हॅलेचे. १६८६ मध्ये त्याने समुद्री वाऱ्यांचा नकाशा छापला आणि मोसमी वाऱ्यांचे कारण दिले : जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची हवा ती जागा घेते. कोकणात दुपारी येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याला आणि पहाटेच्या मतलईला हे उत्तर चपखल बसते. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता खडकाच्या जवळजवळ पाचपट, हे त्यामागचे कारणही खरेच. पण हॅलेने हे लिहिले तेव्हा ब्लॅकचा जन्म व्हायला बेचाळीस वर्षे होती. वाफेतल्या उष्णतेची कल्पनाच नव्हती, त्यामुळे ती त्याच्या उत्तरात नाही. नवल एवढेच की आपल्या पुस्तकांतही ती अजून शिरलेली नाही.

१९२१ मध्ये जॉर्ज सिम्प्सन यांनी नेमके त्या मुलीच्याच मुद्द्यावर बोट ठेवले. ते भारतीय हवामान खात्यात काम केलेले, मधे कॅप्टन स्कॉटबरोबर अंटार्क्टिकाला जाऊन आलेले. त्यांनी दाखवून दिले की पावसाच्या आधी मेमध्ये जमीन जुलैपेक्षा तप्त असते, आणि ज्या वर्षी पाऊस कमी त्या वर्षी जमीन जास्त तापलेली असते. नुसत्या तापण्याने पाऊस येत असता तर उलटे दिसले असते. शेतकऱ्याला हे वेगळ्या तऱ्हेने माहीत असते. श्रावणात पावसाचा खंड पडतो, जमीन भाजून निघते, ढेकळे फुटतात, पण म्हणून पाऊस काही धावत येत नाही.

मग त्या मुलीला काय सांगायचे? तिला ५८० सांगायचे. एक लिटर पाऊस पडला म्हणजे वर ढगात ५८० किलोकॅलरी सुटल्या, विजेच्या भाषेत सुमारे दोन तृतीयांश युनिट. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे दर चौरस मीटर जमिनीच्या वर, आकाशात, सव्वासहाशेहून जास्त युनिट उष्णता एका दिवसात मोकळी झाली. देशाच्या चार महिन्यांच्या पावसाची सरासरी ८७० मिलिमीटर आहे. भागाकार केला तर दर चौरस मीटरला २०० वॅट निघतात, रात्रंदिवस, जून ते सप्टेंबर, संपूर्ण देशावर. ही शेगडी जमिनीवर नाही, ती काही किलोमीटर उंचीवर आहे. तिथली हवा तापून फुगते, वर चढते, खाली दाब उतरतो आणि आणखी दमट वारे ओढले जातात. तेही आपली वाफ घेऊन येतात. जमीन गार झाली तरी पाऊस चालू राहतो, कारण आता पावसाला पाऊसच तापवत असतो.

हे वारे येतात तरी कुठून? पुष्कळसे विषुववृत्ताच्या पलीकडून, दक्षिण हिंदी महासागरावरून. तिथे तेव्हा हिवाळा असतो. सोमालियाच्या किनाऱ्याला वळसा घालून अरबी समुद्रावरून ते आपल्याकडे येतात. वाटेत समुद्रावर ऊन पडते, पाणी वाफ होते. तिथल्या उन्हाची उचल फेडली जाते ती रत्नागिरीवर, गगनबावड्यावर, पुढे छत्तीसगडवर.

हे चित्र साकारण्यात एका मराठी बाईंचा मोठा वाटा आहे. पुण्यात जन्मलेल्या डॉ. सुलोचना गाडगीळ यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अनेक वर्षे मोसमी पावसाचा अभ्यास केला. १९८० मध्ये त्यांनी आणि डी. आर. सिक्का यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून रोजच्या रोज ढगांचा पट्टा कुठे आहे ते मांडले. दिसले असे की विषुववृत्ताजवळचा ढगांचा पट्टाच उन्हाळ्यात सूर्याच्या मागोमाग उत्तरेकडे सरकून भारतावर येतो, मधेच हटतो, पुन्हा येतो. हटतो तेव्हा खंड. म्हणजे मोसमी पाऊस हा खाऱ्या वाऱ्याचा राक्षसी भाऊ नव्हे. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हेही दाखवले की समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २८ अंशांच्या वर गेल्याशिवाय असे ढग सहसा माजत नाहीत. जमिनीच्या तापण्याला काहीच अर्थ नाही, असे कुणी म्हणत नाही. सुरुवातीच्या ढकलण्यात तिचा हात आहे. हिमालय आणि तिबेटचा पठारी भाग नेमके काय करतात यावर अजून चर्चा चालू आहे. पण ‘जमीन तापली, वारे आले, पाऊस पडला’ ही तीन वाक्ये लिहून मोकळे होणे, हे त्या मुलीच्या प्रश्नापुढे टिकत नाही.

सह्याद्रीचे उदाहरण घेतो आणि थांबतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. वीस किलोमीटरच्या आत पाचगणी, तिथे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. घाट उतरून वाईला या, हजार मिलिमीटरसुद्धा नाही. पर्जन्यछाया म्हणून आकृती काढली की विषय संपतो, पण त्यात एक गंमत राहून जाते. कोकणातली दमट हवा, समजा २७ अंशांची, महाबळेश्वरपर्यंत साडेतेराशे मीटर चढली. कोरडी असती तर किलोमीटरला दहा अंशांनी गार झाली असती. पण वाटेत थेंब होत जातात, उचल परत मिळत जाते, म्हणून ती किलोमीटरला पाच अंशांच्या आसपासच गार होते, माथ्यावर २०. आता ती पाणी टाकून वाईकडे उतरते. ढग विरलेले, उचल संपलेली, म्हणून ती किलोमीटरला पुरत्या दहा अंशांनी तापते. साडेसहाशे मीटर उतरली की जवळजवळ पुन्हा २७. म्हणजे समुद्रसपाटीला जितकी गरम होती तितकीच ती सातशे मीटर उंचीच्या वाईला गरम आहे, आणि त्यात कोरडी. हिशेब ढोबळ आहे, खरी हवा इतकी शिस्तीत वागत नाही. तरी छायेत पाऊस का नाही, हे आकृतीपेक्षा यातून नीट कळते.

शिक्षकांनी मला आधीच विचारले आहे की शाळेत काय करता येईल. मघाची दोन तापमापींची जोडी करा. पुण्यातल्या सिमला ऑफिसात, म्हणजे हवामान खाते १९२८ मध्ये सिमल्याहून जिथे आले तिथे, १९४८ मध्ये रुजू झालेल्या अण्णा मणी यांनी हवामानाची उपकरणे देशातच बनावीत म्हणून मोठे काम उभे केले. आपल्याला त्यातले सगळ्यांत साधे उपकरण हवे आहे. भिंतीपासून दूर, सावलीत, वारा लागेल असे टांगा. दुपारी अडीचला दोन्ही आकडे लिहायचे, एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत, सुट्टीत जवळ राहणाऱ्या मुलांनी. विदर्भात मेमध्ये दोन आकड्यांतला फरक वीसपर्यंत जाईल, जुलैत दोन-तीनवर येईल. फरक कधी कोसळला ती तारीख आणि पहिल्या मोठ्या पावसाची तारीख मुलांना स्वतः जुळवू द्या. मलमल दर आठवड्याला बदला आणि बोअरचे पाणी वापरू नका, त्यातले क्षार कापडावर बसतात आणि आकडा चढा येतो. पावसाचे गाळलेले पाणी चालेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ. आधी मुलांचे.